फळ्यावरचं माझं वजन

सोमवार

चि. मास्तरीणबाईंना आत्याचे पोटभर आशीर्वाद.

नाही गं, कंबर नाही, गुडघे दुखतायत. पण तुमच्या पुठ्ठ्याच्या बाकावर बसून दुखले असं पोरींना सांगू नकोस, हिरमुसतील. शेक घेतेय.

तू मात्र माझी अब्रू घेतलीस. भर वर्गात फळ्यावर माझं वजन लिहिलंस, अडुसष्ट किलो! तुझ्या आतोबांना मी हा आकडा जन्मात कळू दिला नाही. बिचारे अंदाज करत करतच गेले.

आमच्या शाळेत गणित म्हणजे पाढे नि छडी. तुझ्या पोरी फ्रिजचं खोकं कापतात, कोन मोजतात, पुठ्ठा दुमडून त्रिकोण उभे करतात, ना डिंक ना खिळा. तुझ्या वर्गात येऊन गेले तेव्हापासून दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न. बाक मला घेऊन खिडकीतून अलगद बाहेर पडतो, छपरांवरून, ढगांवरून जातो, आणि खाली तुझ्या पोरी सुतळीनं माझी उंची मोजतायत. मला वजनच नाही. जाग आली की अंगावरची चादरसुद्धा जड वाटते.

मोठ्या बाईंचा निकाल काय? बाकानं मोठं माणूस पेललं तर हा तास चालू, नाहीतर पुठ्ठा रद्दीत, असंच म्हणाल्या होत्या ना?

माया आटू देऊ नकोस.

तुझी आत्या

गुरुवार

ती. आत्यास सा. न.

तास वाचला! तुझ्यामुळे. आता मोठ्या बाईंनी पहिलीच्या वाचनखोलीसाठी तसलेच बाक करायला सांगितलेत. मुलींनीच हिशेब मांडला: बाकानं अडुसष्ट किलो पेलले, पहिलीतलं मूल साधारण सतरा किलोचं, म्हणजे एका बाकावर चौघं. मुलं अठ्ठेचाळीस, बाक बारा. भागाकार पाहिला की जिला रडू यायचं, त्या आपल्या वेणीवालीनं हे फळ्यावर सोडवलं. येत्या सोमवारी पहिली तिथं बसणार.

मुली तुला अडुसष्टआजी म्हणतात. रागावू नकोस. त्या दिवशी तू ये, पहिला मान तुझा.

गुडघे जप. लोभ आहे तेवढाच जड राहू दे.

तुझी भाची

शनिवार

पोरी, आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच. टपालावर भरवसा नाही, शेजारीण तिकडे येतेय, तिच्या हाती देतेय.

सोमवारी बाकावर कुणालाही बसवू नकोस. आधी पोत्यात वाळू भर, अडुसष्ट किलो मोजून ठेव आणि बघ. बाक मोडला तर पोरी परत दुमडतील, त्यांना ते येतं.

त्या दिवशी तू भिंतीला टेकून श्वास रोखला होतास, वेणीवालीनं डोळे गच्च मिटले होते. मला वाटलं, हा मोडला तर माझ्याच बुडाखाली तुमचा तास मोडणार. म्हणून मोठ्या बाईंचे वीस आकडे मोजून होईपर्यंत मी तशीच अधांतरी, गुडघ्यांवर तोलून राहिले. पायघोळ कपड्यांत कुणाला काय दिसतंय! वर हसून तुला डोळाही मारला.

वेणीवालीचा भागाकार बरोबर आहे, तिला सांग. चुकलं ते माझं. फळ्यावरचा अडुसष्ट पूस आणि शून्य लिही. मी बसलेच नव्हते.