गल्ल्याची घंटा

१२ सप्टेंबर १९३७
आमच्या कापडदुकानातले कॅश रजिस्टर बिघडले. कामठीच्या एका साहेबाच्या लिलावात घेतलेले जुने यंत्र, पण गुणी. विक्री झाली की गल्ला उघडतो, घंटा वाजते. मागे स्वयंपाकघरात मी ती ऐकते आणि एकदा 'श्रीराम' म्हणते. वेगळी जपमाळ लागली नाही. आता घंटाच बंद. हे म्हणाले, स्प्रिंग गेली. म्हटले, मी मॅट्रिक आहे, यंत्राचे मी बघते. नको नको म्हणत होते. पुरुषांना संकोच फार.

१४ सप्टेंबर
कलकत्त्याच्या कंपनीला इंग्रजीत पत्र टाकले. स्प्रिंग एक, शाईची रिबन एक, कागदाचे रोल सहा. दसऱ्याला गर्दी होणार. मशीन ऑइल मागवले नाही. समईचे तेल देवाला चालते, यंत्राला न चालायला काय झाले?

१५ सप्टेंबर
दुकान उघडण्याआधी बटणांवर तेल सोडले. आठ आण्याचे बटण अडकून बसले. बरेच झाले. हे ऊठसूट आठ आणे सूट देतात.

२७ सप्टेंबर
शेजारच्या रंभाबाईने हटकले. काहून वं प्रमोदिनी, तुमच्या दुकानात कोणी दिसून नाही राहिलं? सारे त्या ताराचंदच्या नव्या दुकानात घुसून राहिले, तिथं विजेचे पंखे हायेत. मी समजावले, आमची घंटा बंद आहे म्हणून तुम्हाला तसे वाटते. तर म्हणते, मी का कानानं पाह्यतो वं?
अडाणी बाई. यंत्रातले काय कळणार!

५ ऑक्टोबर
रोल संपला असेल म्हणून विचारले. हे म्हणाले, जुनाच चालू आहे. गणपतीत घातलेला! काटकसर शिकावी ती यांच्याकडून. जेवताना भात मात्र अर्धा टाकतात. बोलले पाहिजे.
जप अंदाजाने करते. संध्याकाळी जरा जास्त. तेव्हा गिऱ्हाईक असतेच.

१३ ऑक्टोबर
पार्सल आले. यांना सांगितले नाही. उद्या एकदम घंटा वाजवून दाखवीन.

१४ ऑक्टोबर. दसरा.
हे सोने द्यायला नातेवाइकांकडे गेले. दुकानात जाऊन यंत्राला हळदकुंकू वाहिले आणि मागचे झाकण पेचकसाने उघडले.
स्प्रिंग जागेवर होती. चांगली होती. घंटेवर पडणाऱ्या हातोडीला चिंधी बांधलेली. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची. गाठ यांची, गठ्ठ्याला मारतात तशी.
चिंधी सोडून एक बटण दाबले. घंटा खणखणीत वाजली. तोंडून 'श्रीराम' निघून गेले. गल्ला उघडला. आत लक्ष्मीपूजनाची सुपारी तेवढी.
गल्ला लोटून बंद केला. मग चिंधी परत बांधली. यांच्यासारखी गाठ लवकर जमेना.
जेवताना यांनी विचारले, स्प्रिंग आली का? म्हटले, छे, कलकत्त्याला पूजेची सुट्टी असते, उशीर लागेल. म्हणाले, असू दे, काही घाई नाही. आज भात टाकला नाही.
जप एकच झाला. मीच वाजवलेल्या घंटेचा.