बाळाचा नमस्कार

प्रिय ताई,

लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता ना, त्याची मुलाखत छान झाली. आईला सांग, मी वेळेवर जेवते.

घरचे ज्याला खेळ समजतात असा तान्ह्या बाळांचा आजार कोणता, असं विचारलं. मी म्हटलं, झोपेतून उठल्यावर बाळ लागोपाठ मान झुकवतं, हात उचलतं, ते झटके असतात. सगळे खूश झाले.

जिना उतरताना तू पाठवलेला पिल्लूचा व्हिडिओ आठवला. ‘बघ, मावशीला नमस्कार करतोय.’ मीही हसले होते.

तो पूर्वीसारखा हसतो का गं? फोनवर रडले असते, म्हणून लिहितेय. हे वाचलंस की आजच त्याला मोठ्या दवाखान्यात ने, व्हिडिओ दाखव.

माझं चुकलं तर जन्मभर चिडव. चिडवच, ताई.

तुझं घाबरट शेंडेफळ