पासपोर्टवरची मीना

८ फेब्रु., लातूर
बायकोला जर्मनीतल्या इस्पितळाचं नेमणूकपत्र आलं. तिच्या वॉर्डात पेढे. मी मागाहून जायचं, नर्सचा नवरा म्हणून. सत्तेचाळीस वर्षांचा वार्ताहर बायकोच्या आधाराने परदेशी! बातमी चांगली आहे, पेपरला देणार नाही.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात गंजगोलाईच्या बाजारात बर्फ. तुरीच्या पोत्यांवरून हमाल तो हळूच झटकताहेत, कुणालाच नवल नाही.

१९ फेब्रु.
जर्मन घोकतोय. नवऱ्यालाही परीक्षा आहे. विभक्त्या चारच. संस्कृतच्या आठांत वाढलेल्याला ही सुट्टीच, असं तिला म्हणालो.
"सुट्टी हाय तर भाजी आणा."

३ मार्च
व्हिसाचे कागद करणाऱ्याकडे गेलो. "सर, पासपोर्टवर मीना, लग्नाच्या दाखल्यावर सौदामिनी. ही दुसरी कोण?"
दुसरी माझी करणी. लग्नात नवरीचं नवं नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहायचं. संस्कृत ताजं होतं. 'सौदामिनी' लिहिताना ताट पुरेना. पुढे त्या नावाने कुणी हाक मारली नाही, मीसुद्धा. दवाखान्यात ती मीना सिस्टरच, पदवीवर, पासपोर्टवर माहेरचंच नाव.
बाहेर आल्यावर हसली. "म्हणजे मी बिनलग्नाचीच की! आधी नाही का सांगायचं?"

११ मार्च, देगलूर
मेहुण्याकडे. दोन्ही नावं एकाच बाईची, असं बालाजीने बाँडवर लिहून द्यायचं.
"दाजी, येवढं अवघड नाव कशाला ठिवलं वो? आमच्या आईला शेवटपर्यंत म्हनता आलं न्हाई."
"तेव्हाच का नाही बोललास?"
"जावयाला कोन बोलतंय!"
सही केली. भिंतीवर तिचा शाळेतला फोटो, दोन वेण्या. जेवून लवंडलो. ती वेण्यांची मुलगी विमानाच्या शिडीवर, पाठमोरी. या मुलीला मी कधी भेटलोच नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि

२ एप्रिल
काल हैदराबादहून ती गेली. रुजू व्हायची तारीख थांबत नाही. माझी फाईल थांबते. काचेपलीकडून खुणा करत होती. काय, ते कळलं नाही. मान हलवली.

२१ एप्रिल
बाँड पुरेसा नाही. लग्न खरं आहे का, ते वकिलातीला पाहायचंय. प्रश्नावली आली. दोघांनी वेगवेगळी भरायची, एकमेकांना विचारायचं नाही, उत्तरं जुळायला हवीत. नाही जुळली तर माझं जाणं रद्द.
चहा कोण करतं? मी. घोरतं कोण? तेही मीच. सातवा: पत्नीला घरी काय नावाने हाक मारता?
एकवीस वर्षं 'अगं'. हे नाव होतं का?
न राहवून फोन लावला. "सातव्याला काय लिहिलंस?"
"विचारायचं नाही म्हणून लिहिलंय ना वर." मग, "तुम्हाला सांगावं लागतंय व्हय?"
मागून कुणीतरी "मीना!" म्हणालं. ती त्यांच्या भाषेत "आले" म्हणाली. फोन बंद.
सातवा रकाना कोरा. फॉर्म उद्या बारापर्यंत द्यायचाय.