मुंग्यांचा उकिरडा

३ नोव्हेंबर
साखरेच्या डब्याला झाकण नाही, ही बाब मी अत्यंत खेदाने नोंदवत आहे. मुंग्यांच्या पाहणीसाठी मला यवतमाळहून झरी जामणीकडच्या या अभयारण्यात पाठवलं, आणि मुंग्यांनीच आधी माझ्या चहाची पाहणी केली. बाकी मुक्काम झकास. खोलीसमोर सागाखाली मुंग्यांचं भलंमोठं वारूळ आहे. रोजंदारीवरची मानीबाई सकाळी तिथे मूठभर ज्वारीचं पीठ टाकते. कशाला, विचारलं. म्हणाली, "जंगल त्याच पेरून राह्यल्या, साहेब. त्याहिले मजुरी नको द्याले काय?"

५ नोव्हेंबर
बाई खरं बोलते. मुंग्या बिया जमिनीत नेतात, माती भुसभुशीत करतात. सकाळी मेलेली पाल दुपारपर्यंत साफ. स्वतःचे मेलेलेही उचलून लांबच्या उकिरड्यावर टाकतात. हे सगळं वासावर चालतं. जिवंत मुंगीला मेल्याचा वास लागला तर तिलाही नेतात, पाय झाडत असली तरी. आमच्या ऑफिसात निवृत्तीच्या आधी असंच होतं.

८ नोव्हेंबर
अंथरुणात मुंग्या. पांढरकवड्याहून पावडर आणली आणि मानीबाईच्या पिठात कालवली. सकाळी तिनेच टाकलं ते. माझे हात स्वच्छ.

१० नोव्हेंबर
वारूळ गप्प. मोठे साहेब आले, संतापले. मी एवढंच म्हणालो की बाहेरचं पीठ बाधलं असेल. मानीबाईचं काम गेलं. जाताना तिने विचारलं, "माह्या हातानं मेल्या न, साहेब?"
मी वहीत काहीतरी शोधत राहिलो.

१२ नोव्हेंबर
वारुळापासून खोलीपर्यंत रांग. प्रत्येकीच्या तोंडात एक मेलेली. माझ्या अंथरुणावर आणून ठेवतात. झाडून टाकलं. तासाभरात पुन्हा ढीग.

१३ नोव्हेंबर
तीनदा आंघोळ केली. मला वास येत नाही. त्यांना येतो.

१४ नोव्हेंबर
टाचेला धरलं — सगळ्यांनी मिळून. खाट दाराकडे वीतभर सरकली आहे. फरशीवर ओरखडे. मी जिवंत आहे, असं मोठ्याने सांगितलं. रांग थांबली नाही.

१५ नोव्हेंबर, सकाळ
साहेबांच्या नावे चिठ्ठी लिहून वनरक्षकाकडे दिली: पावडर मी कालवली, मानीबाईला परत घ्या. तो गेला. त्याला खोलीत एकही मुंगी दिसली नाही.

दुपार
खाट उंबऱ्यावर. पाय हलत नाहीत — ओढतात, घाई नाही — चिठ्ठीत एक ओळ राहिली. इथे लिहितो. कोणीतरी तिला वाचून दाखवा. मानीबाई, तुझ्या हाताला फक्त पीठ —