क्लेर दारात काय म्हणाली

४ जानेवारी, महाड

पहाटे स्वप्नात पुन्हा तो आवाज. लहानपणी पोलादपूरच्या घरी फरशीवर पाट सरकवल्याचा. कोणी चुकून "जातो" म्हणालं की आई उंबऱ्यावरून परत बोलवायची, पाट सरकवायची. "बस. पाणी पी. आता म्हण, येतो." खाली मुंबईची एसटी हॉर्न मारत असली तरी.

काल अजित आणि क्लेर गेली. घरावरून वाजलं. तो म्हणतो, दर पावसाळ्यात सावित्रीचं पाणी घरात शिरतं, विका हे, मुंबईत फ्लॅट घेऊन राहा. मी म्हणालो, माझ्यामागे वीक. अजित 'येतो' न म्हणताच गाडीत जाऊन बसला. सून मात्र दारात थांबली. हात जोडले, एकच शब्द बोलली. आद्यू. तिच्या फ्रेंचमधला असणार. मी नुसती मान हलवली.

५ जाने.

मोबाइलवर कोश उघडला. आद्यू : अखेरचा निरोप. पुन्हा भेट नाही अशा वेळचा. रोजच्या निरोपाला शब्द निराळा आहे म्हणे.

जेवण गेलं नाही. शाळेत निरोपाच्या कविता काय गोड लागायच्या. चालीवर म्हणायचो. कोण जातंय, कोण मागे राहतंय, कुणाला पडली होती.

शनिवारी त्यांचं फ्रान्सला परतायचं विमान. आणि मग...

६ जाने.

चवदार तळ्यावर हसन. एका बाकावरचे आम्ही, त्याच्यापासून काय लपवायचं. शब्द फोडला तर 'देवाकडे' असा निघतो, तेही सांगितलं.

"मग आमचा खुदा हाफिजच की रे तो. मी रोज तुला म्हणतो, आणि तू रोज संध्याकाळी हाजीर, डोकं खायला."

"कोशात तसं नाही."

"सून कोशाची हाय का तुझी? फोन कर पोराला."

हसन काय, दिलासा द्यायला काहीही बोलेल. पण घरी येऊन पुन्हा पाहिलं. खाली बारीक अक्षरात : काही प्रांतांत भेट झाल्यावरही हेच म्हणतात. क्लेरचा प्रांत कुठला? लग्नाला इतकी वर्षं झाली. विचारलंच नाही कधी.

७ जाने.

अ.ने फोन उचलला नाही. मग व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं. घराचं बोलणार होतो. तोंडून आलं भलतंच. "दोघं तशीच उठून गेलात. मागे फिरा. पाटावर बसा, पाणी प्या, येतो म्हणा. मग खुशाल जा." तिथेच बोट उचललं, गेलं.

निळ्या खुणा आल्या. फोन उशाशी ठेवून पडलो.

८ जाने.

दुपारी कडी वाजली. हसन या वेळी यायचा नाही. उघडलं तर क्लेर. खांद्याला पिशवी, केसांत हायवेची धूळ. मागे रिक्षावाला. "काका, स्टँडवर उतरली ही. तुमचंच नाव घेत व्हती."

तिच्यामागे गल्ली पाहिली, कोपऱ्यापर्यंत. अजित नाही.

विचारणार होतो, तिने हातानेच थांबवलं. चपला काढल्या. भिंतीला टेकलेला पाट स्वतः ओढला. फरशीवर तोच आवाज.

पाणी दिलं. सगळं प्याली. भांडं हातातच आहे. 'येते' काही म्हणत नाही. पिशवीतला फोन मघापासून वाजतोय, अजितचाच असणार. तोही उचलत नाही.