देवाला बोललेला कोंबडा

तारकर्ली, डिसेंबर २००३

चि. गुरू,

मुंबईला जाताना तू आईच्या सोबतीला कुत्रा ठेवून गेलास. त्या सोबत्याने गेल्या आठवड्यात शेजारच्या शेवंतीकाकीचा कोंबडा मारला. साधासुधा नव्हे, गावच्या राखणदार देवचाराला नवसाने बोललेला, वर्षभर पोसलेला.

मी मालवणहून दुप्पट मोठा कोंबडा आणून दिला. काकी म्हणाली, "बाजारच्या कोंब्यान देव फसतलो काय रे?"

शेवटी देवाचे मानकरी असलेल्या गावकरांनी देवचारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "लेकराची चूक पदरात घे." लेकरू म्हणजे मी, वय वर्षे पन्नास. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. देवाने माफ केलं. काकीने नाही.

अंथरुणावरच्या आईची कूस बदलायला रोज काकीच हात लावायची. माझ्या एकट्याच्याने ती उचलवत नाही. आज काकी उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. "आधी त्या कुत्र्याक घालव, मगे येतंय." आईने ऐकलं. तिचा हलणारा एकच हात कुत्र्याच्या पाठीवर होता. तो तिने काढला नाही.

हे पत्र टाकणार नाही. तू लिहिशील, "दादा, तुझ्या परीने बघ." बघतोच आहे. सकाळपासून आईला एकाच कुशीवर बघतो आहे.

तुझा,
दादा