रक्त तलावाचे असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा मत्स्य अधिकारी,
तलावकाठ कचेरी, चिलोंगा जिल्हा, मालावी

विषय: काठालगतची मासेमारी बंद करणे व अर्जदाराच्या मुलीस दाखला देणे.
संदर्भ: आपल्या कचेरीतून वेळोवेळी मिळालेले तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार एनेलेसी कडांग्वे, विधवा, धंदा मासे सुकवणे, राहणार म्सांगो, सविनय कळवते की,

१. आमच्या काठाला पूर्वी गोगलगायी फोडून खाणारे मासे पुष्कळ होते. आरोग्य खात्याने डासांसाठी मच्छरदाण्या वाटल्या. गावाने त्या जोडून जाळी शिवली आणि पिल्लांसकट सगळे मासे पातेल्यात गेले. मासे गेले, गोगलगायी माजल्या. दवाखान्यातील नर्सबाईंनी समजावले की, गोगलगायीच्या पोटात किडा वाढतो, पाण्यात सुटतो, माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि लघवीच्या पिशवीत, बाईच्या गर्भाशयातही रक्त पाडतो. लघवीवाटे त्याची अंडी परत तलावात जातात.

२. अर्जदाराने सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. आरोग्य कचेरी म्हणाली, गोळ्या देऊ, गोगलगायी आमच्याकडे येत नाहीत. पाणी खात्याचे म्हणणे, आमचे पाणी नळाचे. म्सांगोला नळ नाही, सबब तेथील पाणी आमचे नाही. आपला शिपाई म्हणाला, "मावशी, गोगलगाय मासा आहे का? मासा असेल तर आण, बघू." किडा मात्र कुठल्याही खात्याला न विचारता सगळीकडे फिरतो.

३. अर्जदाराचा जावई जायलोसी आमच्या रीतीप्रमाणे सासरी, अर्जदाराच्या अंगणात राहत होता. मुलगी मेरेनिया हिच्या अंगावरून रक्त जाऊ लागले, मूल राहीना. "कुठल्या गड्याकडून घाण आणलीस?" म्हणत तो चटई गुंडाळून निघून गेला. याच जायलोसीला लहानपणी लघवीतून रक्त आले, तेव्हा पोरगा वयात आला म्हणून त्याच्या आजीने कोंबडी कापली होती. अर्जदार स्वतः त्या जेवणाला होती. किडा तोच, तलाव तोच. पोराला कोंबडी आणि पोरीला काडीमोड. याने अर्जदाराचे काळीज जळते. असे अर्जात लिहिण्याची पद्धत नसल्यास क्षमा असावी.

४. आमच्यात लग्नाचा निवाडा मामा करतात, त्याप्रमाणे येत्या शनिवारी दोन्हीकडचे मामा काडीमोडाच्या निकालास बसणार आहेत. जायलोसीचे मामा म्हणाले, "रक्त तलावातलं असेल तर तलावाच्या साहेबाचं पत्र आण. नर्सचं काय सांगतेस, बाई बाईचीच बाजू घेणार." तरी मेरेनियाचे रक्त तलावातील किड्यामुळे जाते, तिच्या चालीमुळे नव्हे, असा दाखला शिक्क्यानिशी द्यावा. तसेच गोगलगायी खाणारे ते मासे पुन्हा वाढेपर्यंत काठालगत जाळी ओढण्यास बंदी करावी. बंदीने अर्जदाराचाही धंदा बसेल, याची तिला पूर्ण जाणीव आहे.

५. सध्या काठावरच्या बायका मेरेनियाला तलावात उतरू देत नाहीत. तिच्यामुळे पाणी बाटेल, असे त्या म्हणतात. कोणी घागर भरून देईल म्हणून ती वाळूत लांब उभी राहते. त्याच बायकांची कच्चीबच्ची तेव्हा कमरेइतक्या पाण्यात डुंबत असतात.

शनिवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
एनेलेसी कडांग्वे
म्सांगो, बुधवार

सोबत: गोगलगायी, जिवंत, तलावाच्या पाण्यासह, झाकणबंद बरणीत. कचेरीतील कोणीही बरणीत बोट घालू नये, ही विनंती.